बांधावरचा ब्रेक

कोथरूडची सभ्य मंडळी रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडतात. सार्थक हाडं मोडून घ्यायला बाहेर पडायचा. आयटीतला पगार, त्यातून घेतलेली गिअरची सायकल आणि चांदणी चौकापलीकडच्या दरीत झाडीतून उतरणारी पायवाट, एवढंच त्याचं सुख. शिमगा नुकताच सरला होता, पळस फुलला होता, करंजाला कोवळी पालवी आली होती. त्याला मात्र दिसायचा फक्त उताराच्या शेवटचा मातीचा बांध. तिथे करकचून ब्रेक मारायचा, मागचं चाक गर्रकन फिरवायचं आणि खालच्या शेतात उतरायचं. हा बांध कोणाचा, हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी बांधावर रक्त होतं. एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता. हा रंगराव, वरच्या शेताचा मालक. खालच्या शेताचा मालक शंभू, त्याचा सख्खा चुलतभाऊ, पायाशी पडला होता. त्याचा उजवा हात कोपराखाली नुसता लोंबत होता.

“बघून ठेवा, सायेब,” रंगराव म्हणाला. “दर आयतवारी माझा बांध कोरतोय ह्यो. कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, तवापासनं ह्येची नजर फिरलीया.”

“आईची आन, म्या हात लावला न्हाय,” शंभू विव्हळला.

रंगरावाने कुऱ्हाड पुन्हा उचलली.

सार्थकने बांधाची खाच पाहिली. तिच्यात टायरची नक्षी उमटलेली होती. मुकाट पळ काढावा, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

“थांबा,” तो म्हणाला. “बांध मी कोरलाय. माझ्या सायकलने.”

“भांडान मिटवाया खोटं बोलू नगा.”

“दाखवतो. तोवर त्यांना हात लावू नका.”

तो धापा टाकत सायकल वर घेऊन गेला. ज्या उतारासाठी तो आठवडाभर झुरायचा, त्याची आज त्याला भीती वाटली. तो सुसाट खाली आला, ब्रेक दाबला, चाक फिरलं आणि बांधाची माती ढासळून शंभूच्या शेतात पडली.

रंगरावाने वाकून ती माती बोटांनी चाचपली. मग त्याने कुऱ्हाड टाकली.

“शंभ्या, चुकलं रं माझं,” तो म्हणाला. “ऊठ, दवाखान्यात जाऊ.” डोक्याचं मुंडासं सोडून तो भावाचा हात बांधायला वाकला.

शंभूने डावा हात जमिनीवर टेकला. तिथेच कुऱ्हाडीचा दांडा होता.

ओरडायला सार्थकला वेळ होता. पण एक जीव वाचवल्याच्या आनंदात तो भान हरपून उभा होता. घाव थेट मानेवर बसला. रंगराव बांधावर कोसळला तो पुन्हा हलला नाही.

शंभूने कुऱ्हाड सोडली आणि सार्थककडे पाहिलं.

“सायेब, पोलिसांना तुमीच सांगा,” तो म्हणाला. “माजा काय बी गुन्हा नव्हता.”