अकराव्या वळणावरचं घर

घाटातल्या टुरिस्ट बसमध्ये ताई बावीस वर्षं माईकवर बोलत होती. कुठला कडा, कुठला धबधबा, कुठे डोळे मिटायचे, सगळं तोंडपाठ. बस सख्ख्या दादाची, चालवायचाही तोच. अकराव्या वळणावर ती हमखास म्हणायची, "ते निळ्या दाराचं घर माझं. करा बघू हात! आत कोणी नाही, पण घराला बरं वाटतं." लोक हसायचे आणि दादा हॉर्न वाजवायचा.

एक दिवस दादा म्हणाला, "तुझं बोलणं रेकॉर्ड करून ठेवू. घसा बसला तर अडायला नको." भावाला केवढी काळजी, असं तिला वाटलं. काळजी कसली, डोंबलाची! तिने मात्र जीव ओतून सगळं रेकॉर्ड केलं, विनोदांसकट.

सोमवारी वहिनीचा फोन आला. "उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल, असं हे म्हणालेत." स्वतः सांगायची हिंमत झाली नाही मेल्याला.

मंगळवारी ताई निळ्या दारात उभी होती. बस वळणावर आली आणि खिडक्यांतून तिचाच आवाज आला, "करा बघू हात!" चाळीस हात हलले. "आत कोणी नाही, पण घराला बरं वाटतं." सगळी बस हसली.

हॉर्न तेवढा वाजला नाही.