सातवं मत

कबड्डीत एक बरं असतं. गडी बाद झाला की पंच शिट्टी मारतो आणि गडी गुमान बाहेर जाऊन बसतो. संघटनेत तसं नाही. तिथे बाद झालेलेच वीस-वीस वर्षं मैदान अडवून बसलेले असतात, आणि शिट्टीही त्यांच्याच खिशात.

मी मालू घरत. माहेर पनवेलजवळच्या कोन गावचं, कबड्डीही कोनचीच. पुढे शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले. आता रोडपालीला फ्लॅटमध्ये एकटी राहते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी कोनला जाऊन मुलींचा सराव घेते, तेवढे दोन तास माणसांत असते. बाकीचा दिवस टीव्ही बोलतो आणि मी ऐकते.

गेल्या वर्षी माझ्या सरावातली मनस्वी जिल्हा संघातून गळली. निवड चाचणीत सगळ्यांत जास्त पकडी तिच्या, पण निवड समितीत अकरा पुरुष. कारण विचारलं तर म्हणाले, “वजनात बसली नाही.” वजन मी स्वतः करून नेलं होतं! पोरीने खेळ सोडला. आता जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बसते. तिच्या मागच्या दोघी तरी वाचाव्यात म्हणून त्या समितीत खेळलेली एक बाई बसायला हवी होती. मला एवढंच हवं होतं.

आणि या वर्षी वरून नियम आला. कार्यकारिणीत आणि निवड समितीत एक महिला प्रतिनिधी हवीच, आणि तिला जिल्ह्यातल्या महिला संघांनी गुप्त मतदानाने निवडायचं. महिला संघ सात, प्रत्येकाच्या प्रमुख बाईचं एक, म्हणजे मतं सात.

अध्यक्ष बळीरामशेठनी लगेच सुनेचं नाव पुढे केलं. मिताली चांगली मुलगी आहे, बोलायला गोड. पण मैदान तिने फीत कापण्यापुरतंच पाहिलेलं. शेठनी तिच्यासाठी एक संघही कागदावर उभा केला होता. समोर मी अर्ज भरला.

एक मत मितालीचं, एक माझं. उरलेल्या पाच जणींपैकी तिघी मिळाल्या की माझी चार होत होती. मी पाचही घरांची दारं वाजवली. मत बायकोचं, पण दार उघडायला नवरा. चहा बायको आणायची, उत्तर नवरा द्यायचा.

जासईला आशालताकडे मी हक्काने गेले. आठ वर्षं ती आणि मी एका साखळीत खेळलो. तिचा हात धरून कितीतरी चढाया मी अडवल्यात. तिच्या नवऱ्याचे, जीवनचे, ट्रेलर शेठच्या यार्डात लागतात.

“मालूताई, तुमी काय परक्या नाय,” जीवन म्हणाला. “पन शेठशी वाकडं घेऊन आमाला कुठं जागा हाय?”

आशालताने मान वर केली नाही. रिकामा कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. बसस्टॉपवर उभी असताना मी मनातल्या यादीतून तिचं नाव खोडलं. यादीत मग कुणीच उरलं नाही.

रविवारी सकाळी पनवेलच्या एका मंगल कार्यालयात मतदान झालं. निवडणूक अधिकारी म्हणून कृष्णकांत नावाचे निवृत्त गृहस्थ पुण्याहून आले होते. शेठनी देऊ केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. शेठ बिचारे हिरमुसले.

माझी पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे टेबल, त्यावर शिक्का. कागदावर दोन नावं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या कोनच्या संघात कर्णधार हात वर करून निवडायचो. जिचं नाव पुढे असेल तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. स्वतःसाठी हात उचलणारीला आम्ही ‘हावरी’ म्हणायचो, आणि ते नाव लग्नापर्यंत चिकटायचं. मी चार वेळा कर्णधार झाले, चारही वेळा भिंतीकडे बघत.

शिक्का हातात घेतला आणि ती भिंतच आठवली. खोटं कशाला बोलू, नुसती रीत नव्हती ती. भीतीही होती. सहा-एक असा निकाल लागला तर ते एक कुणाचं हे शेंबडं पोरही सांगेल. शेठ माईकवर म्हणतील, मॅडमना मॅडमचं मत मिळालं. त्यापेक्षा शून्य बरं. मी शिक्का खाली ठेवला, कागद कोराच घडी केला आणि पेटीत टाकला. बाहेर येताना मला चक्क मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

कृष्णकांतांनी एकेक कागद उघडून दाखवला. मिताली. मालू. मिताली. मालू. माझे कान तापले. मिताली. मालू. आणि शेवटचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

“कोरा. बाद,” ते म्हणाले. “तीन-तीन. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढू.”

चिठ्ठी मितालीची निघाली. टाळ्या वाजल्या, पेढ्यांचे बॉक्स उघडले. मितालीने माझ्या पाया पडून आशीर्वाद मागितला. दिला.

मी जिन्याशी आले तर खाली तीन बायका भांडत होत्या. कळंबोलीच्या संघाची कुमुद, उलव्याची मनिषा आणि आशालता. मला दिलेली तीन मतं समोर उभी होती, आणि मला ते आत्ता कळत होतं.

“जीवनचे ट्रेलर शेठकडे, आमचे नाहीत,” कुमुद आशालताला म्हणत होती. “कोरी तूच टाकलीस. सरळ सांग ना.”

“आईशपथ नाय गं,” आशालता रडत होती. “त्यानं सकाली पोरांची शपथ घातली होती मितालीसाठी. ती मोडून मालूला देल्लं मी.”

मी दोन पायऱ्या वरच थांबले. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. मतदान गुप्त होतं. फक्त आशालता जन्मभर खोटी ठरली असती.

“तिने नाही,” मी म्हणाले. “कोरी माझी होती.”

तिघींनी वर पाहिलं. कुमुदला आधी ते समजलंच नाही. मी भिंतीचं सांगायला गेले. रीत, हावरी, हसं होईल म्हणून. बोलता बोलता माझं मलाच ते पोरकट वाटायला लागलं आणि मी मध्येच थांबले.

आशालताने पदराने तोंड पुसलं. “आमी नवऱ्यांना फसवून आलो, मालू,” ती म्हणाली. “तुज्यावर भरवसा ठेवून. आन् तुजाच तुज्यावर नव्हता. मंग आमचं दार कशाला वाजवलंस?”

त्या तिघी एकाच रिक्षात बसून गेल्या. मी फाटकापर्यंत गेले होते, पण कुणी ये म्हटलं नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने चढणार होते?

फोन वाजला. मनस्वी. आज रविवारी यार्डातही सुट्टी, सकाळपासून वाट बघत असणार.

“मॅडम, काय झालं?”

“तीन-तीन. चिठ्ठीत गेलं.”

“तीन पडली?” तिला खरंच आनंद झाला होता. “म्हणजे तुमचं एक आणि आणखी दोन?”

“नाही गं. माझं सोडून तीन.”

 मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“मग चार झाली असती ना, मॅडम,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.