बुडवलेली नाव

मलप्पानं आणखी एक धोंडा आत ठेवला, तेव्हा कुठं नावेचा काठ पाण्याखाली गेला. चार बुडबुडे आले आणि नाव तलावाच्या कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकली. डोलकाठी आणि शीड त्यानं आधीच काढून घरी नेलं होतं.

"बसली," तो समाधानानं म्हणाला.

काठावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, रत्नम्मानं पदर सारखा केला. "लोकं नाव तरंगवतेत. तुमचं सगळं उलटंच हाय बगा."

"उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं झालं की काय करतेत? पान्यात टाकून ठेवतेत. लाकूड फुगतंय, लोखंडी धाव घट बसतीया. हे बी लाकूडच की."

"मग हणमंतरावाला सांगून ठिवा. त्याचं शेत हितंच हाय."

"नगं. त्याला सांगितलं की सांजच्याला निलंग्यात समद्यायला ठाव. आधीच लई हसतेत."

हसत होते, यात खोटं काहीच नव्हतं. निलंग्यात मलप्पा म्हणजे पंपाचा मिस्तरी. बंद पडलेल्या इंजिनाला नुसता कान लावून दुखणं सांगणारा माणूस. नऊ वर्षांपूर्वी तो बेअरिंग आणायला हैदराबादला गेला आणि भंगारबाजारातून नाव घेऊन आला. कधीकाळी तिथल्या तळ्यावर साहेबलोक तिची शर्यत लावत. मलप्पाला ती दिसली तेव्हा पालथी पडली होती आणि खाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. बेअरिंग आणायचं राहिलंच. प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या गावात हा गडी नाव घेऊन उतरला, मग लोकांनी हसायचं नाही तर काय करायचं?

त्यानं मोडक्या जीपचा आस घेऊन तिच्यासाठी दोन चाकांची गाडी बनवली. रविवारी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागं ती जोडायची आणि जवळपासच्या कुठल्याही तलावावर जायचं. शिकवायला कोणी नव्हतं. पहिले सहा महिने वारा त्याला एकाच काठाला नेऊन सोडायचा आणि हा दोरी खांद्यावर घेऊन नाव ओढत, चिखल तुडवत परत यायचा. पुढं जमलं. आठवडाभर इंजिनांची धडधड कानात भरून घेणाऱ्या माणसाला आवाज न करता पुढं जाणारी वस्तू सापडली होती. नावेत बसला की मलप्पा सुखी असायचा, इतकं ते साधं होतं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मधल्या काळात लातूर जिल्हा वेगळा झाला, फटाके वाजले, पेढे वाटले. जिल्हा नवा आला, पण पाणी काही त्याच्याबरोबर आलं नाही. टँकरसाठी अर्ज करायला उस्मानाबादेऐवजी लातूरला जायचं, एवढाच फरक पडला. नाव दहा महिने अंगणात वाळत पडली आणि फळ्यांमधल्या फटींतून पलीकडचं ऊन दिसायला लागलं.

अशात एक दिवस, नऊ वर्षांत नावेला हातही न लावलेली रत्नम्मा टँकरच्या रांगेतून घरी आली, घागर उतरवली आणि म्हणाली, "अवो, मला एकदा बसवा तुमच्या नावंत. घागरीच्या बुडाचं पानी बगून बगून डोळं इटलं. एकदा डोळं भरून पानी बगू द्या."

मलप्पाच्या हातातला पाना तसाच राहिला. हणमंतरावाच्या शेताजवळच्या तलावात तेवढं पाणी उरलं होतं, पण त्याचाही पंधरा दिवसांत चिखल होणार होता. पुढच्या पावसाचं कुणी सांगावं? बायकोला बसवायचं तर येत्या रविवारीच, आणि तोवर फटी मिटायला हव्यात. म्हणून हा बुडवण्याचा खटाटोप.

दुसऱ्याच दिवशी लातूरच्या नव्या कचेरीतून निरोप आला. तिथल्या विहिरीची मोटर बंद पडली होती. मलप्पा गेला. तीन दिवस तिकडंच मोडले.

रविवारी सकाळी तो रत्नम्माला घेऊन, डोलकाठी आणि शीड ट्रॅक्टरवर टाकून तलावावर पोचला. नाव पाण्यात नव्हती. वर माळावर, तापल्या खडकावर पडली होती आणि शेजारी हणमंतराव मिशीवरून हात फिरवत उभा होता.

"मिस्तरी, तुमची नाव बुडाली व्हती, ठाव हाय का? परवा शेळ्यास्नी पानी पाजाया आलतो, तवा दिसली. तुम्ही गावाला गेल्याले. मग म्याच दोन बैलजोड्या जुपल्या, साखळी बांधली आन् वर वढली. चारा न्हाई, बैलं उपाशी हायत, तरी जुपली. म्हणलं, मिस्तरीचा जीव हाय तिच्यात."

मलप्पा खाली वाकला. धोंड्यांसकट खडकावरून फरफटल्यानं तळाची मधली फळी उभी चिरली होती. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला. अशी फळी बदलणारा सुतार सगळ्या जिल्ह्यात नव्हता. आज तरंगली तरी त्यानंतर नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"आन् आयका," हणमंतराव जवळ येऊन म्हणाला, "आपोआप न्हाई बुडाली. कुण्या नालायकानं आत धोंडं भरल्यालं. तुम्ही निस्तं नाव सांगा, बगतो त्याच्याकडं."

"अवो हणमंतराव, ते तर ह्यांनीच..." रत्नम्मानं तोंड उघडलं.

मलप्पानं तिच्याकडं एकवार पाहिलं.

"आसंल कुनी येडं," तो म्हणाला. "जाऊ द्या. उपाशी बैलं जुपलीत माझ्यापायी. लई उपकार झालं."

मग त्यानं धोंडे बाहेर काढले, हत्यारांच्या पिशवीतला ट्यूबचा तुकडा चिरेवर ताणला, वर पत्रा ठेवून खिळे मारले, कडेनं डांबर भरलं. तासभर तरी दम धरील, एवढंच त्याला हवं होतं. हणमंतरावानंच मागून जोर लावला आणि नाव पाण्यात गेली. शिडात वारा भरला, तशी रत्नम्मानं दोन्ही हातांनी काठ गच्च धरला. थोड्या वेळानं तिनं एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला. मध्यावर पोचल्यावर ती चारी बाजूंनी पाणीच बघत राहिली. मलप्पाला तिचं तोंड बघून इतकं बरं वाटलं की चिरेचा विसर पडला.

पाय ओले झाले तेव्हा दोघांनी खाली पाहिलं.

"बाहेर टाकाया लागतंय," मलप्पा म्हणाला.

रत्नम्मानं धपाट्यांचा डबा रिकामा करून भरला, आणि भरलेला डबा हातात धरून ती सवयीनं इकडं तिकडं बघायला लागली. वर्षभर भाजी धुतलेलं पाणीसुद्धा तिनं फेकलं नव्हतं. मग तिचं तिलाच हसू आलं. तिनं डबा लांब भिरकावून रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा फेकला.

"जल्मात पयल्यांदा पानी फेकतीया बगा," ती म्हणाली.

काठावर दोन गुराखी येऊन थांबले होते. हणमंतराव त्यांना हात करून मोठ्यानं सांगत होता, "ती नाव म्याच काढली. मी नसतो तर गेली व्हती."

पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू आला. मलप्पानं सुकाणू काखेत धरलं, हात उंच केला आणि काठापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "हाव, त्यांनीच काढली."