रीहीतला जाळ

वुओक्कोने दगडी भट्टीत आणखी तीन ओंडके सारले आणि डोळे चोळत ती मागे सरली. डोक्यावर, वाशांना टांगलेल्या राय धान्याच्या पेंढ्या धुरात दिसेनाशा झाल्या होत्या. मळणीआधी धान्य वाळवायची ही बिनधुराड्याची लाकडी खोली, रीही, तिच्या पणजोबांनी बांधलेली होती. बाहेर बाकावर तिचे बाबा, तावेत्ती, टोपी नाकावर ओढून डुलकी काढत होते. शहाऐंशी वर्षांचा माणूस पहाटे चारपासून भट्टीशी बसला होता. जाळ मंद ठेव, असं झोपण्याआधी त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं. पण रविवारी दुपारी दोनच्या फेरीबोटीने तिला परत निघायचं होतं, त्याआधी मळणी उरकायची होती आणि पेंढ्या अजून ओलसर होत्या.

हाउकिसालो हे तळ्यातलं बेट. घरं अकरा, आणि पलीकडच्या रस्त्याला जोडणारी एकच फेरीबोट. वुओक्को हेलसिंकीत अर्थखात्यात होती. काटकसरीची यादी करणं हे तिचं काम. येत्या शुक्रवारी ती यादी मंत्र्यांकडे जायची होती आणि तिच्यातली अकरावी ओळ होती, छोट्या मार्गांवरच्या फेरीबोटी या हिवाळ्यापासून बंद. ओळीत कुठल्याच बेटाचं नाव नव्हतं. ओळ तिनेच लिहिली होती. मंत्र्यांची बैठक होईपर्यंत यादीतलं अक्षरही बाहेर सांगायची सोय नव्हती, म्हणून ती मदतीचं निमित्त काढून आली होती आणि दोन दिवस तोंड मिटून बाबांच्या चहाकॉफीचे कप विसळत होती.

तावेत्ती जागे झाले, दारातून आत वाकले आणि नाकाने हवा ओढली. भट्टीकडे पाहिलं, मग लेकीच्या काजळलेल्या कपाळाकडे. त्यांनी भिंतीतली झडप उघडली.

"ऊब बरी झालीय," ते म्हणाले. "चल, कॉफी पिऊ."

कॉफीबरोबर रायचा पाव आणि लोणी. मंत्र्यांची अर्थसंकल्पाची बैठक, तिलाही सगळा देश रीहीच म्हणतो, आणि तावेत्तींना त्याचं दरवर्षी नव्याने हसू येई. सूटबूट घालून कसली मळणी करतात, कोंडा कुणाच्या डोळ्यात जातो, असं ते विचारत. यंदा मात्र ते कागदगिरणीतल्या दिवसांबद्दल बोलत राहिले. शेतीवर भागत नसे, म्हणून तीस वर्षं त्यांनी पलीकडच्या गिरणीत काढली होती. परदेशात कागद विकेनासा झाला की गिरणी थंड पडे. मग एखाद्या सकाळी सरकार मार्काचा, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या चलनाचा, भाव पाडी, आपला कागद परक्यांना स्वस्त होई आणि आठवड्याभरात भोंगा पुन्हा वाजू लागे.

"गरीब सगळेच व्हायचो," ते म्हणाले. "कॉफी महाग, कापड महाग. पण कुणाचं नाव कागदावर लिहावं लागायचं नाही. आता युरो, पैसा वीस देशांचा. भाव पाडायचा तर कुणाला विचारणार? मग कुणीतरी बसून नावं लिहायची."

"हो," वुओक्को म्हणाली आणि तिने पावावर पुन्हा लोणी लावलं, आधीचं तसंच असताना.

रविवारी सकाळी मळणी झाली. तावेत्तींनी एक दाणा दाढेखाली धरला. टक्क आवाज आला. दाणा वाळला होता, दिसायला छान होता. ही राय त्यांच्या आईने माहेरहून पदराला बांधून आणल्यासारखी आणली होती आणि दुसऱ्या कुणाकडे ती उरलेली नव्हती. पंधरा दिवसांत तीच पेरायची होती. त्यांनी मूठभर दाणे कागदी पिशवीत घालून लेकीच्या हातात दिले.

"शंभर मोजून घे, ओल्या फडक्यात ठेव. नव्वद उगवले तर बियाणं. नाहीतर पाव."

"इथेच का नाही ठेवत, बाबा?"

"माझे डोळे गेले. तुझी मोजामोजी चांगली."

वुओक्कोने फडकं कचेरीतल्या खिडकीत, बशीवर ठेवलं. सोमवारी दाणे फुगले. मंगळवारी काहींना पांढरं टोक आलं. त्याच दिवशी विभागप्रमुख येऊन यादी चाळून गेले. मंत्र्यांनी एका बड्या कंपनीला शब्द दिलेल्या करसवलतीला तेवढं कुणी हात लावू नका, असं त्यांनी हसत सांगितलं. गुरुवारी सकाळी तिने मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. बाकीचे एकोणसत्तर दाणे उगवलेल्यांइतकेच टपोरे आणि चकचकीत दिसत होते.

तिने दार लावून घेतलं आणि फोन केला.

"एकतीस," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही झोपला होता तेव्हा मी जाळ वाढवला. मला दोनची फेरी गाठायची होती. आजीची राय मी मारली."

पलीकडे खुर्ची करकरली.

"एकतीस म्हणजे बरेच आले," तावेत्ती म्हणाले. "मला वाटलं होतं वीस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास आला ना. अगं, बियाण्याच्या पहिल्या पेंढ्या कधीच रीहीत जात नाहीत. त्या माडीवर, वाऱ्याला. तुझ्या आजोबांनीही एकदा घाई केली होती, तेव्हापासून आमच्याकडे आधी बाजूला काढतात, मग भट्टी पेटवतात."

वुओक्को खाली बसली. डोळे पुसताना तिला हसू आलं आणि रागही आला.

"मग हे शंभर दाणे कशाला मोजायला लावलेत?"

"तुझ्या रीहीत जाळ कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"तेच म्हटलं. दोन दिवस माझे धुतलेले कप पुन्हा धूत होतीस. काय लिहिलंयस ते सांगू नकोस, तुझी नोकरी आहे. माझं नाव असेल तर असू दे, मी काही पहिला नाही. फक्त मेलेला दाणा दिसायला जिवंतच दिसतो, एवढं ध्यानात ठेव." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "पेरणीला येतेयस ना? कुठल्या फेरीने?"

"सकाळच्या," वुओक्को म्हणाली. "परतीचं नंतर बघू."

फोन ठेवून तिने यादी ओढली. अकराव्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली, बशीतले दाणे बघत. मग ती ओळ खोडली. रिकाम्या जागी कुठली करसवलत लिहायची ते खात्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. आजवर कुणी ती लिहिली नव्हती, कारण त्या ओळीत कंपनीचं नाव आलं असतं.

तिने पेन्सिल ठेवली आणि शाईचं पेन उचललं.