डांबऱ्याचे दहा दिवस

पहिली काठी डांबऱ्याच्या मागच्या पायावर बसली, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सेवकरामांना अंगणाच्या फाटकापर्यंत ऐकू आला. कालव्यांची लोखंडी दारे दुरुस्त करण्यात त्यांची एकतीस वर्षे गेली होती. काय वाकले आणि काय तुटले, हे त्यांना आवाजावरूनच कळे. हे तुटले होते.

ते धावले. बोदलकसा तलावाकडून येणाऱ्या रस्त्यावर दहा-बारा माणसांचे कडे होते आणि कड्यात त्यांचा कुत्रा. काल संध्याकाळपासून तो घरी आला नव्हता. तोंड अर्धवट उघडे, जबड्यातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि तारांत रक्त होते. शेजारचा वीरेंद्र रस्त्याच्या कडेला हात पोटाशी धरून बसला होता. मनगटाच्या वर दातांच्या चार खोल जखमा होत्या, आणि त्याची आई शकुंतलाबाई त्यांत चिमटी चिमटीने तिखट भरत होती. वीरेंद्र गुरासारखा ओरडत होता.

“पिसाळला हाये तो,” कड्यातला हिमांशू काठी तोलत म्हणाला. “काका, दूर राहा. तुमचं नरडं धरन.”

“वीरेंद्रले काऊन चावला?”

“म्या मासोळ्याच्या जाळ्यापासून हाकलाले एक लात मारली,” वीरेंद्र दातओठ खात म्हणाला. “एकच.”

दुसरी काठी बिसरामने बरगड्यांवर हाणली. कुत्रा कोलमडला, तीन पायांवर पुन्हा उठला आणि पुढच्या उजव्या पंजाने स्वतःचाच गाल ओरबाडू लागला. पिसाळलेल्या कुत्र्याचाही जबडा असाच लोंबतो, लाळ अशीच गळते, हे सेवकरामांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांनी पाहिले. पंजा पुन्हा पुन्हा उजव्याच गालावर जात होता. “डांबऱ्या,” त्यांनी हळूच हाक मारली. कान हलले. आणि लाळेच्या तारांमध्ये एक तार अशी होती, की जी तुटत नव्हती.

“याच्या तोंडात काहीतरी अडकलं हाये. मार्चमध्ये याले रेबीजची सुई दिली. कार्ड घरी हाये.”

“कार्ड पाहून चावते का तो?” बिसराम म्हणाला. दोघेतिघे हसले आणि काठ्या पुन्हा वर गेल्या.

सेवकराम मध्ये घुसले. कुत्र्यासाठी उगारलेली काठी त्यांच्या खांद्यावर बसली. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला आणि ते गुडघ्यांवर आले. तशाच स्थितीत, कुत्र्यापासून दीड हातावर, ते वीरेंद्रकडे वळले.

“मारू दे यायले. पन मग तुले कोन सांगन, हा पिसाळला होता का नोहता? मेलेल्या कुत्र्याचं डोस्कं तपासाले नागपूरले कोन नेते? तुही माय नेते? दहा दिवस हा जिता राह्यला, तर चावला तवा याच्यात रोग नोहता. आज मेला, तर पान्याले भ्याचा रोग लागला का म्हनून गिलास उचलताना तू जन्मभर भीत राहशीन.”

वीरेंद्रचे ओरडणे थांबले. त्याने आईचा तिखटाचा हात बाजूला सारला.

“थांबा बे,” तो म्हणाला. “जो मारन त्याले म्या चावतो.”

काठ्या खाली आल्या, पण कडे सुटले नाही. सेवकरामांची बायको सुमनबाई घरातून वेल्डिंगचे कातडी हातमोजे, पक्कड आणि दोन पोती घेऊन आली. नवऱ्याने काही न सांगताच. पोते टाकून सेवकरामांनी कुत्र्याला दाबले, दुसरे मानेभोवती गुंडाळले आणि छातीचा भार वर टाकला. खालून जी धडपड झाली, तिने त्यांचा बधिर खांदाही जागा केला. सुमनबाईने लाटण्याएवढे लाकूड जबड्यात आडवे सरकवले, तेव्हा सगळ्यांना दिसले. मासे धरायचा मोठा गळ आतून उजव्या गालात रुतला होता आणि त्याचे टोक कातडीतून बाहेर डोकावत होते. गळाला वीतभर तंगूस, नायलॉनचा दोरा, लोंबत होता. तीच ती न तुटणारी तार.

“इतकंच ना?” असे म्हणून हिमांशू वाकला आणि त्याने तंगूस धरून हिसका दिला.

गळाला उलटा काटा असतो. तो आत जातो, त्या वाटेने परत येत नाही. मांस घेऊन येतो. डांबऱ्याच्या नरड्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून शकुंतलाबाईने कान झाकले. गाल ओठाच्या दिशेने फाटला, पण गळ निघाला नाही. लाकूड करकरले. सेवकरामांनी विचार केला नाही. पक्कड हिमांशूच्या कपाळावर बसली आणि तो मागच्या मागे पडला. भुवईतून रक्त गळून त्याचा एक डोळा बंद झाला.

“ओढाचं नसते,” सेवकराम धापा टाकत म्हणाले. “टोक पुढे काढाचं, काटा कापाचा, मग दांडी मागे घ्याची. अन् तेही डॉक्टरनं, भूल देऊन.” त्यांनी तंगूस तेवढा कापला.

तिकडे सुमनबाईने वीरेंद्रला दंडाला धरून हातपंपावर नेले.

“तिखटानं इख जळते,” शकुंतलाबाई म्हणाली.

“तिखटानं पोरगा जळते, बाई,” सुमनबाई म्हणाली. “हापसा मारा तुम्ही. म्या साबन लावतो.”

“किती येळ?”

“पाव घंटा. मोबाइलात पाहा.”

पंधरा मिनिटे शकुंतलाबाईने शिव्या देत हापसा मारला. मग एकाच टेम्पोत कुत्रा, सेवकराम आणि वीरेंद्र तिरोड्याला गेले. सुमनबाईने वाटेत लागेल म्हणून पाण्याची बाटली दिली. वीरेंद्रला इंजेक्शने त्याच दिवशी सुरू झाली. गुरांच्या डॉक्टरांनी गळ काढला, गालाला नऊ टाके घातले, पायाला प्लास्टर केले.

“कुत्रा बांधून ठेवा,” ते म्हणाले. “खाणेपिणे, चालणे, आवाज, रोज पाहा. काही बदलले तर लगेच कळवा. दहा दिवस.”

“अन् इंजेक्शनं?” वीरेंद्रने विचारले.

“ती थांबवायची नाहीत. कुत्रा धडधाकट दिसला तरी नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वीरेंद्र फाटकाशी हजर होता. “जिता हाये?”

“हाये. पेज पेला.”

तिसऱ्या दिवशी तो आत आला आणि पाण्याची वाटी स्वतः पाहून गेला. चौथ्या दिवशी डांबऱ्या जेवला नाही. वीरेंद्रनेही घरी ताट सरकवले, असे शकुंतलाबाई चरफडत सांगून गेली. सेवकरामांनी डॉक्टरांना फोन केला. टाके सुजले होते, औषध बदलले आणि संध्याकाळी कुत्र्याने भात खाल्ला.

सहाव्या दिवशी दुपारी हिमांशू आला. कपाळाला पट्टी, मागे बिसराम आणि आणखी एक जण, तिघांच्या हातात काठ्या. सेवकराम ओसरीवर आले. त्यांचा डावा हात अजून वर जात नव्हता.

“माह्या टाक्याचा हिशोब तुमच्यासंगं मागून करू,” हिमांशू म्हणाला. “पह्यले त्याले बाहेर काढा. लहान लेकरं फिरतात इथून.”

तो डांबऱ्याला बांधलेल्या खुंट्याकडे वळला आणि त्याने काठी उचलली. ती खाली आलीच नाही. वीरेंद्र न्हाणीच्या आडोशाला बसलेला होता, हे कोणाला ठाऊक नव्हते. डाव्या हातातले फावडे त्याने दांड्याच्या बाजूने हिमांशूच्या कोपरावर मारले. काठी पडली. बिसरामने वीरेंद्रच्या तोंडावर ठोसा हाणला, वीरेंद्रने डोके त्याच्या पोटात घातले आणि दोघे तुळशीच्या कुंडीवरून चिखलात गडगडले. तिसरा पळाला. सेवकरामांनी पडलेली काठी पायाखाली दाबून धरली. डांबऱ्या साखळी ताणून भुंकत राहिला, खणखणीत, रोजच्यासारखा.

शेवटी हिमांशू कोपर धरून, बिसराम नाकातले रक्त पुसत गेले. “कुत्र्यापाई गावाशी वैर घेऊन राह्यला,” बिसराम जाता जाता म्हणाला.

वीरेंद्र उठला. त्याने तोंडातून दाताचा तुकडा काढला, पाहिला आणि फेकून दिला. मग फावड्याच्या आधाराने तो खुंट्यापासून चार हातांवर उकिडवा बसला. डांबऱ्याने दात दाखवले आणि गुरगुरू लागला.

“तुले वळखते तो,” सेवकराम म्हणाले. “दूर बस.”

“गुरगुरू दे,” वीरेंद्र म्हणाला. “काका, त्याच्यापुढे पानी ठेवा. म्या पाह्यतो, पेते का.”