उघडलेला कान

आमच्या ह्यांना जेवताना मीठ हवं असलं तरी गल्लीला कळतं. एवढे ओरडतात. आणि वर आम्हालाच म्हणतात, "पुटपुटता काय सगळे? तोंडात जीभ आहे की नाही?" माणसाला ऐकू येईनासं झालं तर त्यात त्याचा दोष नाही, म्हातारपण कुणाला चुकलंय. पण स्वतःचं कबूल करायचं नाही आणि दुसऱ्याच्या कानांवर हुकूम चालवायचा, ह्याला काय म्हणावं? मी शाळेत फार गेलेली नाही, त्यामुळे ह्यासाठी चांगला शब्द मला ठाऊक नाही. वाईट ठाऊक आहेत, ते लिहीत नाही.

आमचा धंदा तांब्याच्या टाक्यांचा. साबणवाले, रंगवाले, पाक उकळणारे, सगळे आमच्याकडून नेतात. घराची मागची भिंत तीच कारखान्याची पुढची भिंत. पत्रे वाकवायचे, एकावर एक चढवायचे आणि खिळे ठोकून जोडायचे. एक माणूस बाहेरून घण घालतो. दुसरा टाकीच्या आत उकिडवा बसून खिळ्यामागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ह्याला आम्ही 'आत बसणं' म्हणतो. आत बसणारा नुसता धरत नाही, ऐकतो. घट्ट बसलेला खिळा ठक्क बोलतो, ढिला असला की किणकिणतो. त्या गदारोळात ज्याला हा फरक कळायला लागला त्याचा 'कान उघडला' म्हणायचं. कान उघडला की कारखान्यात मान. चहाचा पहिला कप त्याचा.

ह्यांचा कान म्हणे मिसरूड फुटायच्या आधीच उघडला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा उघडा होता खरा. मी शेजारच्या खोलीत सासूबाईंबद्दल काय बोलले ते इकडे कळायचं. मग तो वर्षावर्षाने मिटत गेला. सगळ्यांच्या लक्षात आलं, एक ह्यांना सोडून.

थोरली लेक सासरी गेली, धाकटा मुलगा ह्यांच्या हाताखाली राहिला. हे बाहेरून घण घालणार, तो आत बसणार. काम झालं की बाहेर येऊन म्हणायचा, "बाबा, तुम्ही म्हणालात तसं झालं, कोपऱ्यातला ढिलाच होता." बाबा काहीच म्हणालेले नसायचे. पण मिशीवरून हात फिरवून सगळ्यांकडे बघायचे. पोराने बापाची लाज अशी झाकली, आणि मी ते बघत होते.

एका दुपारी जेवताना माझ्या हातून डाव पडला. धाकट्याने दोन्ही कान दाबले आणि ताटावर वाकला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं रे?"

"काही नाही, आई. कानात तापलेली सुई घातल्यासारखं होतं. हल्ली रोजच होतं."

"काय म्हणतोय?" हे ओरडले. त्या ओरडण्याने पोरगा आणखी आक्रसला.

मी ह्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "कान दुखतात म्हणतोय. भांडं पडलं तरी सहन होत नाही."

हे उष्ट्या हातानेच उठले. "अगं, मग तोंड काय पाडतेस! कान उघडतोय त्याचा! पुरता उघडतोय! आता त्याला केसाएवढी फट ऐकू येईल."

दुसऱ्या दिवशी कारागिरांसमोर स्वतःचा ठोकळा त्याच्या हातात दिला, पाठ थोपटली आणि दिवसभर त्याला आत बसवलं. हसता हसता माझ्या पोराला तांब्याच्या पोटात घातलं.

धाकट्याची लेक तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. आवाज आजोबांचा घेतलेला. एकदा त्याच्या कडेवर असताना तिने टाहो फोडला. त्याने तिला पलंगावर जवळजवळ टाकलंच आणि अंगणात पळाला. सूनबाई दारात पुतळ्यासारखी उभी. मी त्याच्या मागे गेले तर भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

"आई, आज ती माझ्या हातून खाली पडली असती. तिला माझ्याकडे देत जाऊ नका."

त्यानंतर त्याने पोरीला घेतलं नाही. ती त्याच्याकडे हात पसरायची आणि हा भिंतीकडे तोंड करायचा. कानात कापूस कोंबायचा आणि वरून आवाज अडवणारे ते जाड मफ लावायचा. आम्ही त्यांना डबे म्हणायचो. जेवताना डबे, झोपताना डबे. आणि दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं. आधी घण सोसवत नव्हता, मग भांडी, मग नुसता कागद चुरगळला तरी हा दचके.

ह्यांनी एक दिवस पळीत तेल कडकडीत तापवून आणलं. "धर त्याचं डोकं. दोन थेंबात मोकळा होईल." मी ह्यांचं मनगट धरलं. तेल माझ्या पायावर सांडलं. हा एवढा फोड आला. पण पायाला कातडी परत येते. दुसऱ्याच दिवशी मी पोराला कानाच्या डॉक्टरणीकडे नेलं. हेही बरोबर आले, घरचा मालक म्हणून.

बाई तरुण, आवाज मऊ. कानात बघितलं, एका बंद खोलीत बसवून तपासणी केली. मग म्हणाल्या, "मळ नाही, पू नाही, पडदा चांगला आहे. ऐकूही येतंय. आवाज सोसायची ताकद मात्र गेली आहे. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांना होतं असं."

मी विचारलं, "म्हणजे नाटक नाही ना हे?"

"नाही हो. दुखतं ते खरंच दुखतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

तेलाचं सांगितलं तर बाई कळवळल्या. कानात तेल नाही, काडी नाही, मनाने आणलेले थेंब नाहीत, काही म्हणजे काही घालायचं नाही. गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. डबे लावायचे, पण कुठे? जिथे खरोखर मोठा आवाज आहे तिथे. घण चालू असताना लावायचे, शांत घरात काढून ठेवायचे. "अंधारात बराच वेळ बसलं की साधा दिवासुद्धा डोळ्यांना टोचतो ना? कान दिवसभर झाकले की त्यांचंही तसंच होतं." त्यापेक्षा घरात हलका, एकसारखा आवाज राहू द्यायचा, पंख्याचा किंवा वाहत्या पाण्याचा, दुखणार नाही इतपतच. दुखायला लागलं तर उठून बाजूला जायचं, दात खाऊन सोसत बसायचं नाही. धाकटा जबडा आवळून धरत होता, त्याचंही दुखणं कानात उतरत होतं. त्यासाठी कोमट फडक्याने गाल आणि मान शेकायची. पुढे एकेक आवाज हळूहळू वाढवायचा, तो त्यांच्याच देखरेखीखाली. कानातून रक्त किंवा पू आला, ताप आला, चक्कर आली किंवा अचानक ऐकू येईना झालं तर त्याच दिवशी यायचं.

"आणि टाकीच्या आत?" धाकट्याने विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काय पुटपुटत होती बाई! अर्धं तर कळलंच नाही."

"सोयीचं अर्धं कळलं असेल," मी म्हणाले. तेही ऐकू गेलं नाही.

मी घराचं रूप बदलून टाकलं. खुर्च्यांच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे बांधले. मोरीत जाड पंचा अंथरला, भांडी त्यावर घासायची. डावांच्या जागी लाकडी पळ्या आल्या. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला की मी आधी त्याला सांगायची आणि तो अंगणात जायचा. मागे घण सुरू झाला की त्याने डबे लावून पुढच्या खोलीत बसायचं, थांबला की डबे उतरवायचे. हे उतरवणं फार जड गेलं त्याला. घोटाघोटाने पाणी प्यावं तसं करायचा, थोडं काढायचा, पुन्हा लावायचा. पंखा मंद चालू. मी गाल शेकायला बसले की म्हणायचा, "आई, मी काय लहान आहे?" मी म्हणायची, "गप बस, तोंड सैल सोड, बोललास की जबडा आवळतोस."

ह्यांचं एकच पालुपद. "लाड चाललेत."

पण लाडाने की कशाने, फरक पडला. आधी सूनबाई पोरीला दार बंद करून पलीकडच्या खोलीत रडू द्यायची, आणि हा इकडे बसून ऐकायचा. मग दार किलकिलं. मग उघडं. मग ती एकाच खोलीत, लांब, आईच्या मांडीवर. मध्येच वाईट दिवस यायचा, की पुन्हा दार बंद. तरी सूनबाईने तोंडातून शब्द काढला नाही. एका सकाळी पोर जागी, खेळकर, आणि हा आपणहून म्हणाला, "दे इकडे." ती त्याच्या नाकाला धरून मोठ्याने किंचाळली, आनंदाने. त्याच्या कपाळावर घाम आला, पण त्याने तिला खाली ठेवलं नाही. सूनबाई उगाच कपड्यांच्या घड्या करत बसली. घडी घातलेलेच कपडे होते ते.

तेव्हा मला वाटलं, पोरगा आपल्या लेकीला परत मिळाला.

पण कारखान्यात टाक्या गळायला लागल्या होत्या. गेलेला माल परत येत होता. दुसऱ्या कारागिराला आत बसवलं, तो आपला प्रत्येक खिळ्याला "बसला, मालक" म्हणायचा. बसलेला नसायचा, आणि बाहेरच्या मालकाला काही कळायचं नाही. हे चिडले, त्या कारागिराला नको नको ते बोलले. मग साबणवाल्यांचं मोठं काम आलं. माणूस उभा राहील एवढी उंच टाकी. हे दिवसभर तिच्याभोवती फिरायचे.

मी आणि सूनबाई पोरीला लस टोचायला घेऊन गेलो होतो. परत येताना वळणावरच घण ऐकू आला. माझ्या माणसाचा हात मला कळतो. एक ठोका जोरात, त्याच्या पाठोपाठ एक अर्धा. दुसऱ्या कुणाचा नाही तो. पुढच्या खोलीत गेले, खुर्ची रिकामी. तशीच मागे धावले. टाकीच्या बाहेर, बाकावर, ते डबे ठेवलेले. डबे लावले की खिळा ऐकू येत नाही ना.

"थांबवा!" मी ओरडले. ह्यांची पाठ माझ्याकडे. घण वर गेला, खाली आला. मी जाऊन हातच धरला तेव्हा थांबले.

टाकीच्या तोंडातून वाकून बघितलं. तो तळाशी मुटकुळं करून पडला होता. तोंड उघडं, आवाज नाही. ठोकळा अजून हातात धरलेला. मागून सूनबाई आली, कडेवरची पोर त्या सगळ्याला घाबरून रडायला लागली, आणि तो आवाज त्या तांब्याच्या पोटात जाऊन दुप्पट झाला. मग मात्र तो ओरडला.

"ने तिला! ने तिला इथून!"

स्वतःच्या लेकीला. सूनबाई उलट्या पावलांनी गेली.

मी त्याला विचारलं, "तू गेलासच का रे आत?"

माझे ओठ बघून त्याला कळलं. म्हणाला, "बाबांनी हात जोडले, आई."

त्याच दिवशी डॉक्टरणीकडे नेलं. एका कानात शिट्टी वाजते म्हणे, थांबतच नाही, आणि त्या कानाने ऐकूही कमी येतं. बाईंनी औषध सुरू केलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणाल्या. होतं तेवढं परत येईल असं वचन देत नाही. सूनबाई पोरीला घेऊन माहेरी गेली. भांडून नाही गेली. रडणारी पोर आणि हा, दोघं एका छपराखाली राहू शकत नाहीत म्हणून गेली. जाताना पोर झोपलेली होती. ह्याने लांबूनच बघितलं.

संध्याकाळी हे जेवायला बसले आणि सवयीने तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. उठवलं, मागे कारखान्यात नेलं, दार लावून घेतलं. कारागीर निघून गेले होते. ती टाकी उभी होती.

ह्यांनी टाकीच्या पत्र्यावर हात टेकला. मग म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाले, "मला ऐकूच येत नाही गं. खिळा बसला की नाही, काहीच कळत नाही. तो आत नसला तर मी कोण?"

माझा हात त्यांच्या खांद्याकडे निघाला होता. एवढी वर्षं काढली आहेत ह्या माणसाबरोबर, मी काही दगड नाही. पण ते पुढे म्हणाले, "जरा बरा झाला की एवढी एक टाकी... कापूस घालून बसेल."

हात मी मागे घेतला. त्यांना दिव्याखाली ओढलं, हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि एकेक शब्द तोडून बोलले.

"माझ्या ओठांकडे बघा. तुमचे कान गेले, त्याचं मला वाईट वाटतं. पण ते गेले म्हणून तुम्ही पोराचे वापरलेत, आणि दुखतात हे माहीत असून वापरलेत. त्याला बापाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आज मी नाही म्हणते. उद्या मी त्याला घेऊन थोरलीकडे राहायला जातेय. तिकडे कारखाना नाही, शांत आहे. तुम्ही तिकडे पाऊल टाकायचं नाही. ज्या दिवशी त्याला स्वतःच्या लेकीचं रडणं सोसवेल, त्या दिवशी मी परत येईन. तो दिवस उगवलाच नाही, तर तुमचं जेवण तुम्ही करून घ्या. मला नवरा नाही असं मी समजेन."