मोंबासाचा ठेका

बोटीवरची नोकरी सुटल्यावर भागोजी श्रीवर्धनजवळच्या आपल्या गावी परतला आणि शाळेत शिपाई झाला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मागे एकदा पाय मोडून तो आफ्रिकेत मोंबासाला सात महिने अडकून पडला होता. पाय जुळल्यावर तिथल्या गोदीतल्या हमालांनी त्याला आपल्या नाचात ओढलं. तो नाच अंगात भिनला तो भिनलाच. शाळेचं पाणी भरतानाही त्याचे खांदे हलायचे.

पहिली-दुसरीच्या सगुणाबाईंनी ते पाहिलं. "संमेलनासाठी माझ्या पोरांना हेच शिकवा," त्या म्हणाल्या.

"बाई, मला नाचता येतं, शिकवता न्हाय येत."

ते खरंच निघालं. गुडघे वाकवा म्हटलं की पोरं खालीच बसत. चंदर तर मागे कलंडला. शेवटी भागोजी वैतागून म्हणाला, "अरे, भात लावायला चिखलात वाकता तसे वाका." तेवीस पोरं एका झटक्यात नेमकी वाकली. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर त्याने ठेका धरला, आणि शाळा दणाणली.

आठवड्याभराने त्यातल्या बायजाची आई सोनाबाई पाच बायकांना घेऊन शाळेच्या दारात उभी. "भागोजीदादा, आमची बायजा घरात चालत न्हाय, पाय आपटते. कालच सारवलेली जमीन उखडली."

"एकदा बघा, मग बंद करतो," म्हणून भागोजीने डबा पुढे ओढला.

पोरं नाचली. सोनाबाई मात्र त्यांच्या पायांकडेच बघत होती. "तो टाचेचा दणका परत दाखव," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "मळणीसाठी खळं करायचंय, जमीन चोपायला माणूस मिळत न्हाय. उद्या हीच पोरं नाचवू."

दुसऱ्या दिवशी ओल्या मातीत पोरं मनसोक्त नाचली, डोक्यापर्यंत माखली. माती सुकल्यावर सोनाबाईने अंगठा दाबून पाहिला. तो रुतला नाही. मग काय, बाकीच्या बायकांचे निरोप सुरू झाले. पंधरवड्यात चार खळी झाली, पोरांना गूळखोबरं मिळालं, आणि नाच असा बसला की हेडमास्तरांनी संमेलनच सोनाबाईच्या खळ्यावर ठेवलं.

पोरांचा नाच संपला तरी डबा थांबेना. बायजाने आईला हात धरून मधे ओढलं.

"आये, पायाकडं बघू नको. खांदे सोड."

सोनाबाई लाजली, पदर खोचला, आणि पहिलीच टाच चुकली. भागोजीने ठेका जरा संथ केला.